गावच्या बंद घरात वडिलांची दुनळी कुठे ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डोंबिवलीला राहतात, गाव कुडाळ तालुक्यात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांची बारा बोअरची दुनळी रीतसर वारसाने यांच्या नावावर झाली, लायसन झालं, बंदूक मात्र गावच्या घरातच आहे. घर गणपतीचे दहा-बारा दिवस आणि मे महिना सोडला तर बंद. चुलते म्हणतात माळ्यावर कणगीत गोणपाटात गुंडाळून टाक, कोणाला कळणार आहे. आता वाडीत दोन बंद घरं फुटली म्हणून हे घाबरलेत आणि विचारतायत की घरात चोराला सापडणारच नाही अशी जागा कोणती.

मी सतरा वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे युनिटची हत्यारं दुरुस्त ठेवणारा, होतो आणि रिटायर झाल्यानंतर आता घाटावर शस्त्रदुरुस्तीचं लायसनवालं दुकान आहे, सासुरवाडी तळकोकणातली, त्यामुळे तिकडची चिऱ्याची घरं, तिकडचा पाऊस आणि तिकडचे चुलते तिन्ही मला चांगले माहीत आहेत.

जागा सांगतो, पण त्याआधी सरळ उत्तर ऐका. दहा महिने बंद असणाऱ्या घरात बंदूक ठेवायचीच नाही. कितीही भारी जागा असली तरी नाही. कारण चोराला तुमच्या घरात घाई नसते हो. माणसं राहतात त्या घरात चोर पाच-दहा मिनिटांत जे हाताला लागेल ते घेऊन पळतो, बंद घरात तो रात्र काढतो, चहा करून पितो, कौलं काढून आत उतरलाय तर माळा तर त्याच्या वाटेतच आला. कणगी, पोटमाळा, देवघराच्या मागे, न्हाणीघराच्या छपरात, लाकडाच्या माचाखाली, ह्या सगळ्या जागा त्याच्याही घरात आहेत, त्याच्या आईनेही दागिने तिथेच ठेवलेत.

आणि चुलत्यांकडे ठेवू का असं मनात आलं असेल तर ते पण नाही. चुलत्यांचं नाव लायसनवर नाही, तर त्यांच्या ताब्यात बंदूक देणं म्हणजे त्यांना विनालायसन हत्यारवाला करणं. काही हुशार लोक म्हणतात नळ्या काढून भावाकडे ठेवतो, दस्ता माझ्याकडे, मग ती बंदूक राहिलीच कुठे. तसंही चालत नाही, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या व्याख्येत अग्निशस्त्राचे भाग पण अग्निशस्त्रच धरलेत, नुसती नळी सापडली तरी तेच कलम.

मग करायचं काय, तर सेफ कस्टडी. कायद्यातच सोय आहे, लायसनधारक आपलं हत्यार पोलीस स्टेशनला किंवा ज्याच्याकडे ठेवून घ्यायची परवानगी आहे अशा शस्त्र डीलरकडे जमा करू शकतो, पावती घ्यायची, लागेल तेव्हा लायसन आणि पावती दाखवून सोडवून आणायचं. डीलर महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं घेतो, बँकेच्या लॉकरसारखं समजा. माझं मत विचाराल तर डीलर बरा. पोलीस स्टेशनला वाईट म्हणत नाही, पण तिथे मुद्देमालाची खोली असते आणि त्या खोलीत तुमच्या बंदुकीला तेल लावायला कोणी बसलेलं नसतं. एका गिऱ्हाईकाची एकनळी निवडणुकीला जमा झाली होती, आचारसंहिता संपून तीन महिने झाले तरी हा आणायला गेला नाही, आळस दुसरं काय, आणि आणली तेव्हा मधे अख्खा पावसाळा गेलेला. नळीवर तांबूस मखमल उगवल्यासारखा गंज. मी घासून काढला, पण खड्डे पडले ते पडलेच. ते पोलिसांचं काम नव्हतं, त्याचं होतं. तेव्हा जमा करताना नळी आतून-बाहेरून तेलाचा हात मारून द्या आणि पावतीवर बोर, मेक, नंबर, काडतुसं किती, दस्त्याला कुठे चीर आहे, सगळं लिहून घ्या. नुसतं 'एक बंदूक जमा' अशी पावती घेऊन येऊ नका, मी अशा पावत्या बघितल्यात. आणि एक, तुमचा कायमचा राहायचा पत्ता आता डोंबिवली असेल तर लायसन देणाऱ्या ऑफिसला ते कळवलंय का बघा, ही गोष्ट निम्मे चाकरमानी विसरतात आणि रिन्युअलच्या वेळी फेऱ्या मारत बसतात.

आता लपवण्याबद्दल माझाच किस्सा सांगतो. रिटायर होऊन आलो तेव्हा माझं दुकान झालेलं नव्हतं, स्वतःची एक बारा बोअर घरात होती. मी स्वतःला शहाणा समजत होतो, माळ्यावर जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या मागे, दोन वाशांच्या मधल्या खोबणीत ठेवली, खालून बॅटरी मारली तरी दिसायची नाही. फक्त फौजेची सवय म्हणून ट्रिगर गार्डमधून, म्हणजे चापाभोवतीच्या कड्यातून, एक साखळी घातली आणि वाशाला फिरवून कुलूप लावलं. कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात, रायफली रॅकला लावल्या की अशीच साखळी सगळ्यांच्या गार्डमधून जाते, ती नसली तर कोत सांभाळणाऱ्या एनसीओला झोप लागत नाही. बायको हसली पण होती, एवढं लपवलंय आणि वर साखळी कशाला.

एका लग्नाला दोन दिवस गेलो आणि घर फुटलं. कपाटातले पैसे, मिक्सर, बायकोचे कानातले गेले. माळ्यावर चढलो तर भांडी एका बाजूला नीट रचून ठेवलेली, फेकलेली नाही, म्हणजे त्याला माहीत होतं मागे काय आहे. बंदूक जागेवर होती. साखळीच्या एका कडीवर करवतीची खाच, जवळजवळ अर्ध्यापर्यंत गेलेली, आणि खाली फळीवर लोखंडाचा बारीक चकचकीत कीस पडलेला, करवतीच्या पात्याचा मोडका तुकडा पण तिथेच. पातं मोडलं, उजाडायला आलं असणार, सोडून गेला. नंतर कळलं, माझ्या पुतण्याने क्रिकेटच्या पोरांत बढाई मारली होती की आमच्या काकाची बंदूक भांड्यांच्या मागे असते. पोरगं दहा वर्षांचं, त्याला काय बोलणार.

तेव्हापासून मी गिऱ्हाईकांना विचारतो की जागा कोणती ते नको सांगू, तुझ्या घरात बंदूक आहे हे किती जणांना ठाऊक आहे ते मोज. मोजायला बसलं की बोटं पुरत नाहीत. पूर्वी बंदूक ओटीवर खुंटीला टांगलेली असायची, येणारा-जाणारा बघायचा, मान होता तो, आणि तेव्हा घरात पंधरा माणसंही असायची. आता घरात दोन म्हातारी माणसं आणि मोबाईल. खंडेनवमीला शस्त्र पूजायला काढायचं, झेंडूची माळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, सगळं बरोबर, मीही करतो, पण लगेच पोरगं फोटो काढून स्टेटसला टाकतं, मागे घराची खिडकी, कपाट, सगळं दिसतंय. त्या एका फोटोत चोराला पाहिजे ते सगळं आलं, कुठली बंदूक, कोणाकडे आणि कुठल्या खोलीत. माझ्या दुकानात दसऱ्यानंतरच्या आठवड्यात लोक असे फोटो कौतुकाने दाखवतात तेव्हा मी पहिलं म्हणतो डिलीट कर. लग्नाच्या वरातीत बंदूक मिरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ज्यांच्या घरात माणसं कायम राहतात आणि बंदूक घरातच ठेवायचीय त्यांच्यासाठी पुढचं लिहितो, तुम्हाला पण मे महिन्यात उपयोगी पडेल.

आपल्याकडे बंदूक म्हटलं की गोदरेजचं कपाट. कुठल्याही कंपनीचं लोखंडी कपाट असलं तरी आपण गोदरेजच म्हणतो ना, तेच. साड्या, एफडीच्या पावत्या, सोनं आणि बंदूक एकाच ठिकाणी, म्हणजे चोराचं काम एका फेरीत. साध्या कपड्याच्या कपाटाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, पहारीचं टोक दाराच्या फटीत घातलं आणि अंगाचा भार दिला की दार केळीच्या सालीसारखं वाकतं, आवाज पण फारसा होत नाही. इंग्लंडमध्ये शॉटगनचं सर्टिफिकेट द्यायच्या आधी पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट बघून जातात, तिकडच्या कपाटांचा पत्रा निदान दोन मिलिमीटरचा असतो, भिंतीला बोल्ट मारलेलं लागतं. आपल्याकडेही बंदूक कुठे आणि कशी सुरक्षित ठेवणार ही जबाबदारी लायसनवाल्याचीच आहे, फक्त बघायला कोणी फारसं येत नाही म्हणून आपण निवांत.

मी काय करायला सांगतो तर फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन मिलिमीटर पत्र्याचं उभं अरुंद कपाट बनवून घ्या. दुनळीच्या नळ्या २८ ते ३० इंच असतात, अख्खी बंदूक चार फुटांच्या जरा आत येते, तर आतली उंची साडेचार फूट ठेवा, रुंदी फूटभर, खोली नऊ-दहा इंच. बिजागऱ्या आतल्या बाजूला, बाहेर पिन दिसली तर ग्राइंडरने उडवतात. दाराच्या आत चारही बाजूंनी पट्टी वेल्ड करून घ्या म्हणजे पहारीला तोंड घालायला फट राहत नाही. कुलूप आतल्या लिव्हरचं, बाहेर लोंबणारं नको. एवढं सगळं करून पण त्याचं वजन भरतं पन्नास किलोच्या आसपास, सिमेंटची एक गोण धरा. दोघं जण आरामात उचलून टेम्पोत टाकतील आणि रानात नेऊन निवांत फोडतील. म्हणून भिंतीला आणि जमिनीला बोल्ट मारणं हे पत्र्याच्या जाडीपेक्षा महत्त्वाचं, आणि बोल्ट आतून मारायचे, डोकी कपाटाच्या आत राहिली पाहिजेत.

इथे कोकणातली गंमत अशी की चिऱ्यात अँकर फास्टनर धरत नाही. जांभा ठिसूळ, ड्रिल मारलं की भोक मोठं होतं, फास्टनर पिळला की फुलण्याऐवजी चिराच आतून भुगा होतो, वरवर घट्ट वाटतो आणि पहार लावली की चिऱ्याच्या तुकड्यासकट बाहेर. तिथे एक तर भिंतीतून आरपार बोल्ट घालून पलीकडे पत्र्याची प्लेट द्यायची, ती पलीकडची बाजू पण घराच्या आतलीच खोली पाहिजे, नाहीतर चोर बाहेरूनच नट काढेल. किंवा चार ठिकाणी चिरा पोखरून काँक्रीट भरायचं आणि त्यात बोल्ट गाडायचे, आठ दिवस पाणी मारायचं, मग कपाट चढवायचं. मातीच्या भिंतीचं घर असेल तर भिंतीचा नाद सोडा, जमिनीत काँक्रीटचा ठोकळा करून त्यातच बसवा.

आणि आता लपवायचं. हो, लपवणं वाईट नाही, कुलपाच्या जोडीला असेल तर उत्तमच. जुन्या घरात जाड भिंतीत फडताळ असतं ना, लाकडी दाराचं, त्यात हे लोखंडी कपाट बसवा, बाहेरून तेच जुनं दार, आत पुढे एक कप्पा पुस्तकांचा नाहीतर लोणच्याच्या बरण्यांचा. बघणाऱ्याला फडताळच दिसतं. फ्लॅटमध्ये असाल तर वॉर्डरोबच्या आत, लांब कपड्यांच्या मागे. बेडरूम शक्यतो नको, चोर पहिला तिथेच शिरतो, दुसरा देवघरात. बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाची ओल तिथूनच येते. फॅब्रिकेशनवाला गावातला नको, तालुक्याला किंवा लांब जाऊन करवून घ्या आणि कशासाठी विचारलं तर जमिनीचे कागद ठेवायला म्हणा. खोटं बोलायला लावतोय, पण त्या वेल्डरच्या हाताखाली चार पोरं असतात आणि साडेचार फुटी अरुंद कपाट कशाचं असतं हे न सांगता पण ओळखणारा एखादा असतोच, म्हणून आत दोन खोटे कप्पे आखून द्या, घरी येऊन काढून टाका.

किल्लीचं काय करता? ही खरी गळती. साडेचार फुटांचं कपाट, आतून बोल्ट, आणि किल्ली कुठे तर गणपतीच्या फोटोमागे खिळ्याला, नाहीतर डाळीच्या डब्यात. माझे आजोबा पेटीची किल्ली करगोट्याला बांधून आंघोळ करायचे, लोक हसायचे, पण ती किल्ली आयुष्यात कोणाला मिळाली नाही. किल्ली लायसनवाल्याच्या अंगावर, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, तिसरी असू नये. नंबरचं डिजिटल लॉक घ्यायचं तर घ्या, पण कंपनीने टाकलेला मास्टर नंबर आधी बदला, बरेच लोक बदलतच नाहीत, आणि पोराची जन्मतारीख टाकू नका. कोकणात दमट हवेने बॅटरीचे पॉईंट हिरवे पडतात, जूनच्या आधी एकदा बघायचे.

कपाटात ठेवताना बंदूक खोलून ठेवा. दुनळीचा पुढचा लाकडी भाग, फोरएंड, खटका दाबला किंवा ओढला की निघतो, मग नळ्या आणि दस्ता वेगळे होतात, तीन तुकडे. फोरएंड वेगळ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत ठेवला तर चोराच्या हाती लागतं ते धड बांधताही येत नाही. .३१५ ची रायफल असेल तर बोल्ट काढून वेगळा. रिव्हॉल्व्हरला केबल लॉक मिळतं, सिलिंडर बाहेर काढून तार आत घालायची. ट्रिगर लॉक पण मिळतं, बरं असतं, पण भरलेल्या बंदुकीला ते बसवायचा प्रयत्न करू नका, बसवतानाच चापाला धक्का लागतो. साखळी आहेच, कपाटाच्या आत पण साखळी. मला त्या करवतीच्या खाचेनंतर साखळीशिवाय चैन पडत नाही.

काडतुसं बंदुकीच्या शेजारी ठेवायची नाहीत, वेगळी पेटी, वेगळं कुलूप, वेगळी किल्ली. एक वही ठेवा, किती घेतली, किती उडवली, किती शिल्लक. लायसनवर लिहिलंय त्यापेक्षा एक पण जास्त नको, आणि वडिलांच्या वेळची कुठल्या डब्यात निघाली तर चुपचाप फेकू पण नका, डीलरला नाहीतर पोलिसांना सांगून जमा करा. जुनी कागदी नळीची काडतुसं ओलीने फुगतात, चेंबरमध्ये अर्धी जाऊन अडकतात, मग लोक काय करतात तर मागून ठोकतात. नका ठोकू.

गंजाबद्दल थोडं, कारण लपवलेली बंदूक चोराने नाही नेली तरी गंज नेतो. फोमची बॅग, रेक्झिनची पिशवी, गोणपाट, ह्यात बंदूक ठेवायची नाही, ओल धरून ठेवतात. बॅग प्रवासापुरती. खोबरेल तेल अजिबात लावू नका, थंडीत गोठतं आणि नंतर डिंकासारखं चिकटतं, मी कितीतरी बंदुका नुसत्या खोबरेल काढून चालू केल्यात. शिलाई मशीनचं तेल चालतं, फडक्याने हलका हात, टपकेल इतकं नको. कपाटात नळी खाली तोंड करून उभी केली तर जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही, लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं ते त्यानेच. सिलिका जेलची पाकिटं टाका, निळ्याची गुलाबी झाली की तव्यावर मंद गरम करा, परत निळी होतात. जुनी युक्ती म्हणजे कपाटाच्या तळाला झिरोचा बल्ब चालू ठेवायचा, पण तो तारेचा जुना, एलईडीने काही गरम होत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून पुसायची. आता सांगा, कणगीत गुंडाळलेल्या बंदुकीला हे कोण करणार.

कॅमेरा लावलात तर दारावर आणि अंगणात लावा, कपाटावर रोखून नको, लावायला आलेल्या माणसाला तिथे काय आहे ते आपणच दाखवून देतो. आणि रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवलात तर चोर टीव्हीबरोबर तोही नेईल.

गाडीत बंदूक सोडून हॉटेलात जेवायला जायचं नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं. मुंबई-गोवा हायवेला डिकीत बंदूक ठेवून मासे खायला बसलेले लोक मला माहीत आहेत. नेताना रिकामी, बॅगेत, काडतुसं वेगळी, लायसन खिशात, आणि दोघांपैकी एक जण गाडीजवळ.

समजा गेलीच चोरीला. लोक सगळ्यात मोठी चूक इथे करतात, घाबरून गप्प बसतात, आधी आपणच शोधू, गुरवाकडे कौल लावू, चोर ओळखीचा असेल तर परत करेल. लायसनच्या अटीतच आहे की हरवली किंवा चोरीला गेली तर जवळच्या पोलीस स्टेशनला ताबडतोब कळवायचं. ताबडतोब म्हणजे त्याच दिवशी, चार दिवसांनी नाही, कारण मधल्या चार दिवसांत त्या बंदुकीने कुठे काही झालं तर नंबर तुमचा आहे. फिर्याद द्या, प्रत घ्या, मग लायसन देणाऱ्या ऑफिसला लेखी द्या, जिल्ह्यात असाल तर जिल्हाधिकारी, कमिशनरेटमध्ये असाल तर पोलीस आयुक्त. ह्यासाठी आजच बंदुकीचा नंबर, मेक, लायसनचा यूआयएन, म्हणजे लायसनवरचा ओळख नंबर, आणि तीन-चार फोटो, नंबरचा जवळून, दस्त्यावरच्या ओरखड्याचा जवळून, असं सगळं नुसतं फोनमध्ये न ठेवता कागदावर काढून बंदुकीपासून लांब ठेवा. दुनळीचा नंबर बहुतेक वेळा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि बॉडीवर असतो, खोलल्यावरच दिसतो. लायसनचं पुस्तक आणि बंदूक एकाच कपाटात ठेवणारे पण आहेत, दोन्ही एकदम जातात आणि मग ठाण्यात नंबर सांगता येत नाही.

काही जण म्हणतील, संरक्षणासाठी घेतलीय तर एवढ्या कुलपात ठेवून उपयोग काय. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवाल्यांचा हा प्रश्न खरा आहे. त्यांनी पलंगाजवळ छोटी, बोल्ट मारलेली, बोटांनी उघडणारी तिजोरी करावी, रात्री घरात असताना तिथे, सकाळी परत मोठ्या कपाटात. उशीखाली नाही, गादीखाली नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला जागा माहीत नाही असं समजू नका, मुलांना आईने लाडू कुठे ठेवलेत ते पण माहीत असतं. आणि एक गोष्ट लोक बोलत नाहीत ती बोलतो, घरात कोणी मनाने खचलेलं असेल, कर्जाचा घोर असेल, दारू वाढली असेल, मग तो लायसनवाला स्वतः का असेना, तर बंदूक त्या दिवसांत घराबाहेर, डीलरकडे. मी अशा वेळी भाडं विचारत नाही, आणून ठेवा म्हणतो. चोरापेक्षा त्या भीतीने जमा झालेल्या दोन बंदुका आत्ता माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मालक अधूनमधून चहाला येतात.

तुमच्यासाठी मी असं करेन, ह्या गणपतीला गेलात की बंदूक बाहेर काढा, साफ करा, फोटो-नंबर लिहून घ्या आणि परत निघायच्या दोन दिवस आधी जिल्ह्यातल्या डीलरकडे जमा करून पावती घेऊनच गाडीत बसा, शेवटच्या दिवशी विसर्जनाच्या गडबडीत ते राहून जातं. मे महिन्यात शेतावर डुकरांचा त्रास असेल, लागणार असेल तर सोडवून आणा. दहा महिन्यांचं भाडं वडिलांच्या बंदुकीच्या एका ब्लूइंगच्या, म्हणजे नळीला परत काळा-निळा रंग चढवण्याच्या, खर्चाइतकंही होणार नाही. चुलत्यांना सांगा, दुकानात दुरुस्तीला दिलीय. वाडीत तेवढंच पसरू द्या.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. वडील गेल्यापासून ती बंदूक उघडून कोणी बघितलीय का? बाहेर काढाल तेव्हा नळीचं तोंड माणसांकडे नाही, भिंतीकडेही नाही, पलीकडे कोण आहे माहीत नसतं, बाहेर अंगणात मोकळ्या जमिनीकडे करा, चापाला बोट नाही, नळ्यांच्या मागची वरची चावी, म्हणजे लिव्हर, अंगठ्याने उजवीकडे ढकला, नळ्या खाली मोडतील. दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. पितळेची गोल कड दिसली, हिरवट पडलेली, तर ती काडतुसं आहेत. म्हातारी माणसं डुकरासाठी भरून ठेवायची आणि विसरायची, वारसाने आलेल्या बंदुकीत मला आजवर दोनदा भरलेली सापडलीत, एक तर बाईंनी नवऱ्याची आठवण म्हणून हॉलमध्ये लावली होती. नखाने सहज निघाली तर काढा. नाही निघाली तर गज घालून ढकलू नका, बंद पण करू नका, तशीच मोडलेली आडवी ठेवा, पोरांना आत पाठवा आणि लायसनवाल्या दुरुस्तीकाराला फोन करून घरी बोलवा.